घरच्या संगणकाचे चित्र जाते तेव्हा

घरातले एखादे यंत्र बंद पडले म्हणजे माणसाच्या मनाची दोनपैकी एक अवस्था होते. एक, हात जोडून बसण्याची. ‘आपल्याला त्यातले काय कळते? जाणत्याकडे न्यावे आणि तो मागेल ते द्यावे.’ दुसरी, हात घालण्याची. जे बोटाला लागेल ते उपटावे, ठोकावे, पुन्हा बसवावे आणि काय होते ते पाहावे. पहिल्या अवस्थेत पैसा जातो, दुसरीत यंत्र जाते. या दोहोंच्या मधून एक तिसरी वाट आहे; ती चौकशीची. तिला फार मोठी विद्या लागत नाही. क्रम लागतो आणि थोडा धीर लागतो. ही वाट कशी चालावी हे एका नेमक्या उदाहरणावरून दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरण आम्ही मुद्दाम आजच्या घरातले घेतले आहे. संगणक चालू आहे, आत पंखे फिरत आहेत, पण पडद्यावर चित्र नाही. आणि कोणीतरी निकाल देऊन मोकळे झाले आहे की, ‘ग्राफिक्स कार्ड गेले.’

हा निकाल स्वस्त नाही. बऱ्यापैकी नव्या कार्डाला वीस-पंचवीस हजार रुपये सहज पडतात आणि वरच्या प्रतीची कार्डे दोन लाखांच्याही पुढे जातात. पुष्कळ संगणकांत निम्मी किंमत या एका कार्डाचीच असते. शिवाय असे संगणक केवळ मुलांच्या खेळासाठी घरात येतात अशी समजूत असेल, तर ती सोडून द्यावी. आपल्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात तालुक्याच्या कोणत्याही गावी पाहावे. लग्नाचे अल्बम जुळविणारा छायाचित्रकार, चित्रफिती कापून-जोडून देणारा तरुण, घरांचे नकाशे काढणारा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारी विद्यार्थिनी, अशा अनेकांचे पोट किंवा परीक्षा या कार्डावर अवलंबून असते. ऐन लग्नसराईत, गिऱ्हाइकाचा विसार घेऊन झाल्यावर पडदा काळा पडला, तर त्या घरावर काय प्रसंग ओढवतो याची कल्पना करणे कठीण नाही. म्हणून ‘कार्ड गेले’ हे वाक्य पुराव्यावाचून मान्य करू नये. ज्याला कार्ड गेले म्हणतात, त्याचा दोष पुष्कळदा कार्डाबाहेरच सापडतो.

कार्ड काय करते?

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची एक जाळी असते. घरोघर आढळणाऱ्या पडद्यात आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात; म्हणजे एकूण २०,७३,६००. हे सारे ठिपके सामान्यपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. गुणाकार केला तर सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपके होतात, आणि प्रत्येकात तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग किती घालावयाचे ते ठरवावे लागते. हे काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात घातले तर त्याला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून त्यासाठी वेगळा कारागीर ठेवलेला असतो. त्याची स्वतःची चिप, स्वतःची स्मृती, स्वतःची वीज आणि स्वतःचे पंखे असतात. हा सारा संसार एका पट्टीवर मांडून ती पट्टी मदरबोर्डावरच्या लांब खाचेत बसविली की तिला ग्राफिक्स कार्ड म्हणावयाचे.

पडद्यासाठी निराळे कार्ड ही कल्पना नवी नाही. १९८१ साली आयबीएम कंपनीचा व्यक्तिगत संगणक बाजारात आला तेव्हापासूनच पडद्याचे कार्ड वेगळे घालण्याची सोय होती. महाराष्ट्राला तर अशा एका कार्डाचे ऋण विसरता येणार नाही. त्या काळच्या संगणकांच्या पडद्यावर रोमन अक्षरे उमटत, नागरी उमटत नसत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुढे पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत गेले आणि तेथून ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बाहेर पडले. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसविले की त्याच पडद्यावर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय लिप्या दिसू लागत. पुढे संगणकांची शक्ती वाढली आणि ते काम कार्डावाचून होऊ लागले. परंतु पडद्यावर काय दिसावे हे एका स्वतंत्र कार्डाच्या हाती असते, ही गोष्ट मराठी कचेऱ्यांना आणि छापखान्यांना त्या वेळीच पटली होती.

आजच्या पुष्कळ प्रोसेसरांच्या पोटातच चित्र काढणारा एक लहान भाग असतो. तो मोठी कामे करू शकत नाही, पण साधा पडदा उजळू शकतो. आपल्या चौकशीत हा लहान भाऊ फार मोलाचा साक्षीदार ठरतो. म्हणून तो लक्षात ठेवावा.

चौकशीची रीत

निजामशाहीच्या काळी नगर शहराला पाणी खापराच्या नळांनी येत असे. कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालून हे नळ शहरातल्या हौदांपर्यंत आणलेले होते आणि वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधलेले होते. समजा, शहरातला हौद कोरडा पडला. तर शहाणा माणूस सगळा नळ खणत सुटणार नाही. तो मधल्या एका उच्छ्वासात डोकावेल. तेथे पाणी असेल तर दोष त्याच्या पुढे, शहराच्या बाजूला आहे. नसेल तर मागे, उगमाच्या बाजूला आहे. एका दृष्टिक्षेपात निम्मा नळ निर्दोष ठरला. उरलेल्या निम्म्याच्या मध्यावर पुन्हा तेच करावे. सारी तपासणी या एका युक्तीत आहे.

संगणकातही चित्राचा असाच एक नळ आहे. भिंतीतली वीज एसएमपीएसमध्ये येते. तेथून मदरबोर्डाला आणि कार्डाला जाते. प्रोसेसर आणि रॅम यांच्याकडून काम कार्डाकडे येते. ड्रायव्हर नावाचा दुभाष्या विंडोजचे म्हणणे कार्डाला समजावून सांगतो. कार्ड चित्र काढते. केबल ते वाहून नेते. आणि मॉनिटर ते दाखवितो. आपल्या डोळ्यांना यांपैकी फक्त शेवटचा हौद दिसतो. हौद कोरडा आहे एवढ्यावरून मधल्या एकाच जागेला दोष देणे न्यायाचे नव्हे.

या रीतीचे तीन नियम आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि चित्र आले, तर कशामुळे आले ते कळत नाही. दुसरा नियम, फुकटचे आधी, स्वस्ताचे नंतर, महागाचे शेवटी. तिसरा, जे केले आणि जे दिसले ते वहीत लिहून ठेवावे. रात्री अकरा वाजता कोणती केबल बदलली होती, हे सकाळी कोणालाही आठवत नाही.

लक्षणांवरून अंदाज

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी चेहरा पाहतो. तसे लक्षण आधी पाहावे. बटण दाबूनही काहीच हालचाल नाही, दिवा नाही, पंखा नाही, तर तो विजेचा प्रश्न आहे; दोष बहुधा एसएमपीएसकडे किंवा भिंतीतल्या सॉकेटकडे असतो. पंखे फिरतात पण मॉनिटर ‘सिग्नल नाही’ असे म्हणतो, तर नळ मध्येच कोठेतरी तुंबला आहे. चित्र येते पण अक्षरे भलतीच मोठी आणि ओबडधोबड दिसतात, तर बहुधा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, रुसला आहे. चित्र चांगले असते पण जड काम सुरू करताच पडदा जातो किंवा संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तर उष्णता किंवा अपुरी वीज यांचा संशय घ्यावा. आणि पडद्यावर रंगीत चौकटी, पट्टे किंवा ठिपक्यांची रांगोळी उमटली, तर कार्डाकडे बोट दाखविण्यास जागा आहे.

या शेवटच्या लक्षणातही एक भेद करावा. संगणक सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वी, कंपनीचे नाव पडद्यावर येते. त्या वेळी ड्रायव्हर अजून कामावर आलेला नसतो. तेव्हाही चौकटी दिसत असतील तर दोष कार्डाच्या चिपेत किंवा स्मृतीत असण्याचा संभव मोठा. क्वचित तो केबलचा किंवा मॉनिटरचाही असतो. त्या वेळी चित्र स्वच्छ असून विंडोज आल्यावर बिघडत असेल, तर ड्रायव्हरची चौकशी आधी करावी.

प्रत्यक्ष तपासणी

मॉनिटरपासून आरंभ करावा, कारण त्याला काही खर्च नाही. त्याचे स्वतःचे बटण दाबून त्याची स्वतःची यादी पडद्यावर येते का ते पाहावे. ती आली तर पडदा जिवंत आहे. आजच्या मॉनिटरला दोन-तीन तोंडे असतात. केबल एका तोंडाला आणि मॉनिटरची निवड दुसऱ्या तोंडावर, असा घोळ नेहमी होतो. मग केबल बदलून पाहावी, किंवा तीच केबल आणि तोच मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला जोडून पाहावा. तेथे चित्र आले की दोघेही सुटले.

यानंतर केबल संगणकाच्या पाठीमागे कोठे खोवली आहे ते पाहावे. पाठीवर चित्राची दोन ठिकाणी तोंडे असतात. वरच्या बाजूची मदरबोर्डाची, खालच्या आडव्या पट्टीतली कार्डाची. कार्ड बसविलेले असले म्हणजे पुष्कळ संगणकांत वरची तोंडे आपोआप बंद राहतात. घर झाडताना किंवा टेबल हलविताना केबल निघाली आणि कोणी ती वरच्या तोंडात खोवली, की चांगले कार्ड मेलेले ठरते.

येथवर काही सापडले नाही तर कॅबिनेट उघडावे. पण आधी संगणक बंद करून पिन भिंतीतून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. दुसरे पथ्य आपल्या अंगच्या विजेचे आहे. कोरड्या हवेत अंगावरच्या कपड्यांच्या घर्षणाने शरीरावर हजारो व्होल्टांचा भार साठू शकतो. नगरच्या चैत्र-वैशाखातली हवा तर फारच कोरडी असते. नायलॉनचे कपडे टाळावे आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला बोट लावून तो भार उतरवावा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्या आतल्या कपॅसिटरांत सव्वातीनशे व्होल्टांच्या आसपासचा भार पिन काढल्यावरही काही काळ राहू शकतो.

आता कार्ड पाहावे. मोठी कार्डे किलोभर किंवा त्याहून अधिक वजनाची असतात आणि आडवी लोंबत राहून खाचेत तिरकी होतात. स्क्रू काढून, खाचेच्या टोकाची खिटी दाबून कार्ड सरळ वर काढावे. त्याचे सोनेरी दाते कोरड्या स्वच्छ फडक्याने किंवा मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावे, खोडरबराचा चुरा झटकून टाकावा, खाचेतली धूळ उडवावी आणि खिटीचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत कार्ड पुन्हा बसवावे. एवढ्यानेच जिवंत झालेली कार्डे थोडी नाहीत.

कार्डाला वरून जोडलेल्या विजेच्या केबलीही नीट दाबून पाहाव्या. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना निराळी केबल असते. सहा पिनांची ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. नव्या पद्धतीची सोळा पिनांची केबल एकटी ६०० वॅटपर्यंत वाहू शकते. २०२२ साली या नव्या जोडाची काही तोंडे वितळल्याचे प्रकार जगभर गाजले, आणि जोड पुरता आत न बसणे हे त्याचे एक मोठे कारण आढळले. जोड अर्धवट बसला की वीज थोड्या जागेतून जाते, तेथे ताप होतो आणि प्लॅस्टिक वितळते. आपल्या वायरमनला हे नवीन नाही. ढिल्या स्क्रूमुळे काळा पडलेला स्विच त्याने शेकडो वेळा पाहिलेला असतो.

नळाच्या मधला उच्छ्वास

आता निकालाची परीक्षा. कार्ड काढून बाजूला ठेवावे आणि केबल मदरबोर्डाच्या तोंडात खोवून संगणक सुरू करावा. प्रोसेसरच्या पोटात चित्राचा भाग असेल तर पडदा उजळला पाहिजे. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत तो नसतो, ते आधी पाहून घ्यावे.) पडदा उजळला तर मॉनिटर, केबल, रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे सारे बहुतांशी निर्दोष ठरले. संशय आता कार्ड, त्याची खाच आणि त्याची वीज यांवर येऊन ठेपला. पडदा उजळला नाही, तर कार्डाला तूर्त दोष देऊ नये. रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, एक-एक करून बसवून पाहाव्या. काळ्या पडद्याचे खापर कार्डावर फुटते आणि दोष रॅमचा निघतो, हे वारंवार घडते. मदरबोर्डावरची नाण्याएवढी ३ व्होल्टांची बॅटरी दोन-चार मिनिटे काढून ठेवली तर बिघडलेल्या मांडण्याही मूळ पदावर येतात.

यापुढची परीक्षा शेजाऱ्याच्या मदतीने करावी. आपले कार्ड दुसऱ्या चांगल्या संगणकात घालावे आणि दुसरे चांगले कार्ड आपल्या संगणकात. मात्र त्या संगणकाचा एसएमपीएस आपले कार्ड पेलणारा असला पाहिजे. आपले कार्ड तेथेही चालले नाही आणि तेथले येथे चालले, तरच कार्डाचा दोष सिद्ध झाला. दोन्ही बाजूंची साक्ष घेतल्यावाचून निकाल देऊ नये. आपले कार्ड तेथे सुरळीत चालत असेल, तर आपल्या घरचा एसएमपीएस संशयित ठरतो. स्वस्त कॅबिनेटाबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे छापलेले असले, तरी तो तेवढे काम दीर्घकाळ करील असा भरवसा नसतो. ७५ वॅटांत भागणारी लहान कार्डे तो ओढतो. पण मोठ्या कार्डाची भूक ४५० वॅटपर्यंतही जाते, आणि क्षणभरासाठी ती त्याहूनही वाढते. त्या क्षणी एसएमपीएस मान टाकतो आणि नाव कार्डाचे होते.

ड्रायव्हरची तपासणी यापेक्षा सोपी. काम करताना पडदा एकाएकी काळा झाला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या. विंडोज ड्रायव्हरला पुन्हा उभे करते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण आणि ‘४३’ हा क्रमांक दिसला, तर कार्डाने तक्रार केल्यामुळे विंडोजने ते थांबविले आहे असा अर्थ. अशा वेळी सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पूर्ण काढावा आणि कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घालावा. बिघाड नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल, तर उलट आधीच्याकडे परतावे.

नगरची हवा आणि नगरची वीज

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही गावाला लागू आहे. आमच्या जिल्ह्याचे म्हणून दोन विशेष आहेत. एक उन्हाळा, दुसरा विजेचा चढउतार.

अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्ह्याचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वाऱ्याबरोबर पिठासारखी धूळ घरात शिरते. कार्डाचा पंखा कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त कार्ड आणि हवा यांतले अंतर राखतो. समजा, एक कार्ड जड काम करताना खोलीपेक्षा ४५ अंश अधिक तापते. पौषात खोली २५ अंशांवर असेल तेव्हा ते ७० वर राहील. वैशाखात खोली ४० वर गेली की तेच कार्ड तेच काम करताना ८५ वर जाईल. त्यात धुळीने पाती भरली आणि अंतर आणखी दहा अंशांनी वाढले, तर ९५. बहुतेक कार्डे ८३ ते ९० अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करू लागतात आणि शंभरीच्या जवळ स्वतःला वाचविण्यासाठी काम थांबवितात. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी बंद पडणारे आणि पहाटे नीट चालणारे कार्ड मेलेले नसते. ते गुदमरलेले असते. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशाने आणि हवेच्या फुंकणीने धूळ काढावी. तसे करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जोराच्या झोताने ते बेफाम फिरले तर पंखा बिघडतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. जुन्या कार्डाची चिप आणि धातूची पाती यांमधला लेप वाळलेला असतो. तो बदलण्याचे काम जाणत्याने केलेले बरे.

विजेची गोष्ट शेतकऱ्यांना सांगावयास नको. एकाच रोहित्रावरचे शेतीपंप एकदम सुरू झाले की दाब पडतो आणि ते बंद झाले की चढतो. गेलेली वीज परत येताना जो धक्का देते तो आणखी वाईट. म्हणून वीज गेली की पिन काढावी आणि ती आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. यूपीएस असला तरी त्याचे गणित पाहावे. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. कार्ड पूर्ण काम करीत असताना संगणक ४०० वॅट ओढत असेल, तर वीज जाताच यूपीएसही बसणार, हे ठरलेले आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटला बोट लावले की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. तिसऱ्या पिनेला जमीन मिळाली नाही, तर एसएमपीएसच्या गाळणीतून येणारा २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या जवळचा दाब कॅबिनेटवर उभा राहतो. अशा स्थितीत चालू टीव्हीला चालू संगणकाची केबल जोडली की ठिणगी पडते आणि कार्डाचे तोंड जळू शकते. जोडताना दोन्ही यंत्रे बंद असावी. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डाही कोरडा पडतो. आठवड्यातून त्यात दोन बादल्या पाणी ओतावे. झिणझिण्या तरीही थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलवावे. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की संगणकाच्या पिनेबरोबर इंटरनेटची तारही काढून ठेवावी.

कार्ड खरेच गेले असेल तर

एवढे करूनही दोष कार्डाचाच ठरला, तर प्रथम बिल शोधावे. कार्डांना पुष्कळदा तीन वर्षांची हमी असते. बिल, खोके आणि कार्डावरची क्रमांकाची पट्टी जपून ठेवणाऱ्याचा हात येथे वर राहतो. हमी असताना कार्ड उघडू नये. दुकानदार व कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कार्ड पुण्यामुंबईहून मागविले म्हणून तेथे हेलपाटे घालण्याचे कारण उरलेले नाही.

हमी संपली असेल तर दुरुस्तीचा विचार करावा. पंखा, जळालेला फ्यूज, विजेच्या भागातला एखादा घटक हे बदलता येतात. मात्र ‘गरम करून देतो’ या उपायापासून सावध राहावे. चिप बारीक डाखांच्या गोळ्यांवर बसविलेली असते. जुन्या कथिल-शिशाच्या मिश्रणाची डाख १८३ अंशांवर वितळे. २००६ साली युरोपात शिशावर निर्बंध आल्यापासून जी डाख रूढ झाली ती २१७ अंशांच्या जवळ वितळते. पुष्कळदा तुटलेली जागा या गोळ्यांतही नसते, चिपेच्या पोटातल्या आणखी बारीक जोडांत असते. २००८ साली एनव्हिडिया या मोठ्या कंपनीने आपल्या लॅपटॉपमधील काही चिपांतल्या दुर्बळ पदार्थांमुळे होणाऱ्या बिघाडांपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. असे जोड गरम केल्याने काही दिवस पुन्हा चिकटतात आणि नंतर सुटतात. भट्टीतून जिवंत होऊन आलेले कार्ड महिनाभर चालले, म्हणजे ते दुरुस्त झाले असे समजू नये.

जुने कार्ड विकत घेणाऱ्यांनीही हीच चौकशी उलट्या बाजूने करावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते मिळविण्यासाठी रात्रंदिवस राबविलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. अशी सगळीच वाईट नसतात. पण अर्धा तास जड काम करवून, ताप आणि चित्र पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. आणि जे कार्ड कशानेच उठत नाही, ते उकिरड्यावर टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. त्यात तांबे आहे, थोडे सोनेही आहे, आणि जाळले तर विषारी धूरही आहे.

ही सारी तपासणी करावयास एक स्क्रू-ड्रायव्हर, एक मऊ ब्रश, एक खोडरबर आणि एक वही एवढेच साहित्य लागते. ज्याला कॅबिनेट उघडण्याचे भय वाटते त्याने ते उघडू नये. पण मॉनिटर, केबल, केबलीची जागा आणि लक्षण या चार गोष्टी तपासून, त्या वहीत लिहून, ती वही घेऊन दुकानी जावे. ‘चित्र येत नाही’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगावयाचे हे दुकानदार ठरवितो. ‘कार्ड काढल्यावर चित्र येते, घातल्यावर जाते, शेजारच्या संगणकात मात्र हेच कार्ड चालते’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नवे कार्ड विकणे कोणालाही सोपे जात नाही.